भरतकाम आणि क्रॉस स्टिच: कोणती साधने खरोखर कामाची, आणि दोरे लावून कसे ठेवावेत?

साखळीटाका

नमस्कार. मी आजवर प्रामुख्याने मुक्त भरतकाम (कापडावर रेखाटलेल्या नक्षीवरून टाके घालणे) करत आले आणि अलीकडे चौकडी मोजून घालायच्या क्रॉस स्टिचकडे, म्हणजे फुलीच्या टाक्याकडे, वळले आहे. मुक्त भरतकामात दोऱ्याचा रंग डोळ्यांनी निवडायचा असतो, त्यामुळे लडीवरची कागदी पट्टी निघून गेली तरी काही अडत नाही. क्रॉस स्टिचच्या आलेखात मात्र प्रत्येक चिन्हासमोर दोऱ्याचा क्रमांक दिलेला असतो, एकेका नक्षीला तीस-चाळीस छटा सहज लागतात आणि त्यांतल्या काही एकमेकींच्या इतक्या जवळच्या असतात की रात्री दिव्याखाली त्या वेगळ्या ओळखताच येत नाहीत. दोन्ही प्रकारचे काम एकाच पेटीतून चालवू पाहिले की दर वेळी टाका घालण्यापेक्षा शोधाशोधीत आणि गुंता सोडवण्यातच अधिक वेळ जातो.

बाजारात या छंदासाठी इतकी साधने मिळतात की त्यांतली कोणती हाताशी असलीच पाहिजेत आणि कोणती केवळ पेटीची शोभा वाढवतात, हे नवख्या माणसाला कळणे कठीण आहे. म्हणून अनुभवी मंडळींना विचारते, की सुया, कात्री आणि रिंग यांची निवड तुम्ही कशी करता, दोरे कोणत्या क्रमाने आणि कशावर गुंडाळून ठेवता, आणि एकाच वेळी दोन-तीन कामे हातात असतील तर ती एकमेकांत मिसळू नयेत यासाठी काय करता? केवळ वस्तूंची नावे देण्याऐवजी त्यामागची कारणेही लिहिलीत तर अधिक उपयोग होईल.

नेढे

मी साधनांपुरते लिहिते, कारण दोऱ्यांच्या मांडणीत माझ्याहून शिस्तीची माणसे इथे आहेत.

सुरुवात सुईपासून करावी. क्रॉस स्टिचसाठी टॅपेस्ट्री सुई लागते. तिचे टोक बोथट असते आणि नेढे लांबट व मोठे असते. आयडा कापडात छिद्रे आधीच विणलेली असतात, त्यामुळे सुईने कापड भोसकायचे नसते, तर छिद्रातून केवळ वाट काढायची असते. टोकदार सुई घेतली तर ती कापडाचे धागे आणि आधीच्या टाक्यांचे पदर चिरत जाते, आणि मग एखादा टाका उसवण्याची वेळ आली की त्या चिरलेल्या पदरांचा लगदा होतो. या सुयांचा क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. इंचाला १४ चौकडी असलेल्या आयडावर २४ क्रमांकाची, १६ आणि १८ काउंटवर (काउंट म्हणजे इंचातल्या चौकडींची संख्या) २६ क्रमांकाची आणि त्याहून बारीक विणीवर २८ क्रमांकाची सुई सामान्यतः जुळते. क्रमांक लक्षात राहिला नाही तरी एक सोपी परीक्षा आहे. सुई छिद्रात उभी सोडावी. ती आपल्या वजनाने आरपार गळून पडत नसेल आणि किंचित दाब देताच छिद्र न ताणता पार होत असेल, तर ती त्या कापडासाठी योग्य आहे.

मुक्त भरतकामासाठी मात्र टोकदार, लांबट नेढ्याची क्रूएल सुईच हवी. तिचे क्रमांक १ ते १० असतात. गाठीचे टाके आणि विशेषतः सुईवर वेढे घेऊन घालायचा बुलियन टाका ज्यांना आवडतो त्यांनी मिलिनर सुया वेगळ्या ठेवाव्यात. या सुईचे नेढे तिच्या दांड्याइतक्याच जाडीचे असते, त्यामुळे सुईवर घेतलेले वेढे नेढ्यापाशी न अडकता सरळ घसरून बाहेर येतात. साध्या सुईने बुलियन घालताना शेवटच्या क्षणी वेढे विस्कटतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हात नसून ते फुगीर नेढे असते.

सुई ओवण्याविषयीही दोन शब्द लिहिते, कारण तेवढ्यासाठी लोक तऱ्हेतऱ्हेची यंत्रे विकत घेतात. दोऱ्याचे टोक नव्याने आणि सरळ कापावे, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ते इतके दाबून धरावे की दोन बोटांच्या फटीत दोरा जेमतेम ठिपक्याएवढा दिसेल, आणि मग दोरा सुईकडे नेण्याऐवजी नेढे त्या ठिपक्यावर आणून बसवावे. तरीही जात नसेल तर सुई फिरवून दुसऱ्या बाजूने पाहावे. नेढे धातूत ठोकून पाडलेले असते, त्यामुळे त्याची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक गुळगुळीत असते आणि त्या बाजूने दोरा मुकाट्याने आत शिरतो. नेढ्याजवळ सुई काळवंडली किंवा खरखरीत लागू लागली की ती सरळ बदलावी, कारण दोरा मधूनच पिंजला जाण्यामागे पुष्कळदा तेच कारण असते.

कात्री लहान असावी आणि तिची पाती अगदी टोकापर्यंत कापणारी असावीत. एकच पदर वेगळा उचलून कापता येतो की नाही, एवढेच तिच्याकडे पाहावे. या कात्रीने कागद कापू नये आणि जरीचा किंवा धातुमिश्रित दोराही कापू नये. त्यासाठी जुनी कात्री वेगळी ठेवावी. बगळ्याच्या आकाराची सोनेरी कात्री सर्वांनाच मोह घालते. तिचा आकार पूर्वी सुईणी नाळेसाठी वापरत असलेल्या चिमट्यावरून आला, असे सांगितले जाते. ती दिसते सुंदर, पण घेताना पात्यांची टोके एकमेकांना नीट भिडतात का हे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

रिंग लाकडी घ्यावी, तिचा व्यास आपल्या बोटांना मध्यापर्यंत पोहोचता येईल एवढाच, म्हणजे पाच-सहा इंच असावा, आणि आतल्या कड्यावर पातळ सुती पट्टी तिरपी गुंडाळून तिचे टोक शिवून टाकावे. या एका गोष्टीने कापडाची पकड घट्ट होते, सारखे ताणत बसावे लागत नाही आणि कापडावर कड्याचा वळही कमी उठतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी स्क्रू घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी ठेवावा आणि डावखुऱ्यांनी एक-दोनच्या जागी, म्हणजे दोरा ओढताना तो स्क्रूत अडकत नाही. काम थांबवले की कापड रिंगमधून काढून ठेवावे. रात्रभर राहिलेला वळ एक वेळ निघेल, पण महिनोन्‌महिने रिंगमध्ये अडकून पडलेल्या कापडावर त्या वळात धूळ बसते आणि तो डाग धुऊनही पूर्ण जात नाही. मोठ्या क्रॉस स्टिचसाठी प्लॅस्टिक नळ्यांची क्यू-स्नॅप चौकट मला रिंगपेक्षा बरी वाटते, कारण तिच्या अर्धगोल खोळी किंचित बाहेर फिरवल्या की कापड पुन्हा ताठ होते.

सहापदरी

सुई-कात्रीविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, त्यामुळे मी दोऱ्यांकडे वळतो.

मूळ प्रश्नातली अडचण अशी आहे की एकच साठा दोन वेगळ्या पद्धतींनी शोधला जातो. क्रॉस स्टिचसाठी तो क्रमांकाने शोधायचा असतो आणि मुक्त भरतकामासाठी रंगाने. या दोन्ही गरजा एका मांडणीत बसत नाहीत, कारण कंपन्यांचे क्रमांक रंगचक्राप्रमाणे चालत नाहीत. डीएमसी या कंपनीच्या सुती दोऱ्यांचेच पाहा: ३०९ हा गडद गुलाबी, ३१० हा काळा आणि ३११ हा गडद निळा आहे. क्रमांकाने लावले तर पेटी विस्कळीत दिसते आणि रंगाने लावले तर ३११ कोणत्या निळ्यांच्या गर्दीत आहे हे शोधावे लागते. माझे ठाम मत आहे की साठा नेहमी क्रमांकानेच लावावा, आणि रंग निवडण्यासाठी एक वेगळे छटापत्रक स्वतः तयार करावे. जाड कागदावर रांगेने छिद्रे पाडून प्रत्येक छिद्रात आपल्याकडच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा अडकवावा आणि खाली क्रमांक लिहावा. हे पत्रक रंगांच्या कुटुंबांप्रमाणे लावले की मुक्त भरतकाम करताना त्यावरून रंग ठरवायचा आणि पेटीतून तो क्रमांकाने काढायचा. डीएमसीच्या सुमारे पाचशे छटा आहेत. त्या सगळ्या जमवण्याची हौस नसेल तर आपल्या पत्रकात आपल्याकडे आहेत तेवढ्याच असाव्यात.

दोरा कशावर गुंडाळावा याला मी दुय्यम महत्त्व देतो, परंतु क्रमांक दोऱ्यापासून कधीही सुटता कामा नये याला सर्वाधिक. लडी उघडून बॉबिनवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चपट्या तुकड्यावर, गुंडाळायची असेल तर आधी बॉबिनवर क्रमांक लिहावा आणि मगच पट्टी काढावी. कागदी बॉबिनवर पेन्सिलीने किंवा न फुटणाऱ्या शाईने लिहावे, आणि प्लॅस्टिकच्या बॉबिनवर चिकटपट्टीचे लेबल लावावे, कारण त्यावर साधी शाई हाताच्या घामाने पुसली जाते. पेटीला कप्पे असतील तर पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाची नोंद प्रत्येक ओळीशी करावी.

चालू कामाचे दोरे मात्र साठ्यातून वेगळे काढावेत. मी जाड पुठ्ठ्याची बोटभर रुंदीची पट्टी घेतो, तिच्या कडेला ओळीने छिद्रे पाडतो आणि प्रत्येक छिद्राशेजारी आलेखातले चिन्ह आणि त्याखाली क्रमांक लिहितो. मग त्या छटेचा दोरा सुमारे ९० सेंटिमीटरच्या लांबीचा कापून, दुमडून त्या छिद्रात फासा देऊन अडकवतो. ९० सेंटिमीटरच का, तर दोन पदरांनी काम करायचे असेल तेव्हा सहा पदरांच्या दोऱ्यातला एकच पदर काढून तो मध्यावर दुमडता येतो. त्याची दोन्ही टोके एकत्र ओवली की दुसऱ्या बाजूला फासा उरतो, पहिला अर्धा टाका घालताना सुई कापडाच्या मागच्या बाजूला त्या फाशातून काढली की दोरा गाठीशिवाय पक्का होतो, आणि काम करण्यासाठी ४५ सेंटिमीटर लांबी मिळते, जी याहून वाढली की दोरा वारंवार कापडातून ओढला जाऊन पिंजतो. ही युक्ती दोन किंवा चार अशा सम पदरांनाच चालते, तीन पदरांना चालत नाही.

पदर वेगळे करताना एका वेळी एकच ओढावा. दोऱ्याचे टोक चिमटीत धरून एक पदर सरळ वर खेचला की उरलेले पाच चिमटीखाली चुणीसारखे गोळा होतात आणि पदर पूर्ण निघाला की आपोआप सरळ होतात. दोन पदर एकदम ओढले तर गुंता होणारच. मग हवे तेवढे पदर पुन्हा शेजारी-शेजारी जुळवून घ्यावेत, कारण वेगळे करून जुळवलेले पदर कापडावर सपाट बसतात आणि चौकडी अधिक भरून दिसते.

दोरा किती लागेल याचा अंदाज मांडणीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण पार्श्वभूमीच्या मध्यावर दोरा संपला आणि नव्या लडीचा रंग किंचित वेगळा निघाला तर त्यावर उपाय नाही. रंगवण्याच्या घाण्यानुसार छटेत बारीक फरक पडू शकतो. लडी ८ मीटरची आणि सहा पदरांची असते, म्हणजे एकेरी पदर ४८ मीटर आणि दोन पदरांनी काम केल्यास २४ मीटर. १४ काउंटवर चौकडीची बाजू साधारण १.८ मिलिमीटर असते. पुढचे दोन कर्ण आणि मागचे दोन आडवे-उभे प्रवास धरून एका फुलीला सुमारे ९ मिलिमीटर दोरा लागतो. कागदावर त्याचे अडीच हजारांहून अधिक टाके होतात, परंतु सुरुवात, शेवट, उड्या आणि सुईत उरणारी टोके वजा जाता मी एका लडीला १,५०० ते १,८०० टाकेच धरतो आणि मोठ्या पार्श्वभूमीच्या सर्व लड्या एकदमच घेतो.

एकाच वेळी अनेक कामे चालू असतील तर प्रत्येकासाठी स्वतंत्र पारदर्शक पिशवी असावी. तिच्यात कापड, आलेखाची प्रत, दोऱ्यांची पट्टी आणि त्या कामाची स्वतःची सुई असावी, शिवाय एक चिठ्ठी असावी. त्या चिठ्ठीवर कापडाचा काउंट, टाका कापडाच्या एका धाग्यावर आहे की दोनांवर, पदर किती आणि फुलीचा वरचा कर्ण कोणत्या दिशेला झुकतो, एवढे लिहावे. शेवटची नोंद क्षुल्लक वाटते, पण सहा महिन्यांनी काम पुन्हा हातात घेतल्यावर अर्धी नक्षी एका दिशेने आणि अर्धी दुसऱ्या दिशेने चमकू लागली की तिचे मोल कळते.

उलटीटीप

वरच्या बहुतेक मतांशी मी सहमत आहे, फक्त बॉबिनविषयी थोडा मतभेद नोंदवते. बॉबिनवर घट्ट गुंडाळलेल्या दोऱ्याला कडांशी घड्या पडतात आणि सॅटिन टाक्यासारख्या चमकदार, लांब टाक्यांत त्या स्पष्ट दिसतात. ओवण्यापूर्वी दोरा किंचित ओल्या स्पंजवरून ओढून सुकू दिला की घडी जाते, हे खरे. परंतु रेशमी दोऱ्यांना पाणी लावण्याचा धोका मी पत्करत नाही. म्हणून सुती दोरे बॉबिनवर आणि रेशमी दोरे आहेत त्याच लडीत, क्रमांकाच्या लहान पिशव्यांमध्ये घालून एका कड्यात ओवून ठेवते.

दुसरा मुद्दा प्रकाशाचा, ज्याचा उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही आणि जो माझ्या मते अर्ध्या साधनांपेक्षा महत्त्वाचा आहे. पिवळ्या दिव्याखाली मोतिया, फिकट पिवळा आणि पांढरा यांतला फरक नाहीसा होतो. ५,००० ते ६,५०० केल्विनचा, रंग खरे दाखवणारा दिवा डाव्या बाजूने, किंवा डावखुऱ्यांसाठी उजव्या बाजूने, पडेल असा ठेवावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर येत नाही. काळ्या कापडावर काम करताना मांडीवर पांढरे फडके पसरावे; छिद्रांतून खालचा पांढरा रंग दिसू लागतो आणि चौकडी मोजता येते. भिंग वापरणाऱ्यांनी ते काम संपल्यावर झाकून ठेवावे, कारण खिडकीतून आलेले ऊन भिंगातून एका बिंदूवर पडले तर कापड पेटू शकते.

मोठ्या आलेखासाठी कापडावर दर दहा चौकडींवर आडव्या-उभ्या रेघा आखून घेणे मला अपरिहार्य वाटते, कारण छापील आलेखातही दर दहाव्या घराला ठळक रेघ असते आणि चूक झालीच तर ती त्या दहाच्या चौकटीतच सापडते. या रेघा शिवणाच्या दोऱ्याने घातल्या तर सुई त्या दोऱ्यात घुसते आणि शेवटी तो निघत नाही. त्याऐवजी मासेमारीची बारीक नायलॉन तार वापरावी. सुई तिच्यात शिरत नाही आणि काम संपल्यावर ती एका ओढीत सरकन बाहेर येते.

साखळीटाका

तिघांचेही मनापासून आभार. छटापत्रक आणि साठा वेगळा ठेवण्याची कल्पना मला लगेच पटली. आता दोन शंका उरल्या आहेत. माझ्याकडे पट्टी नसलेल्या लड्या बऱ्याच आहेत. त्यांचे क्रमांक ओळखण्याचा विश्वासार्ह मार्ग आहे का? आणि मुक्त भरतकामाची नक्षी कापडावर उतरवण्यासाठी तुम्ही कोणते पेन वापरता? पुसले जाणारे म्हणून विकले जाणारे प्रत्येक पेन खरोखर पुसले जाते का, याविषयी मला खात्री वाटत नाही.

सहापदरी

बिनपट्टीच्या लड्यांसाठी खऱ्या दोऱ्याचे तुकडे लावलेले छटापत्रकच घ्यावे. छापील पत्रकावर किंवा पडद्यावर रंग बदलतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये. लडी पत्रकावरच्या तुकड्याला चिकटवून, दिवसा खिडकीजवळ आणि नंतर दिव्याखाली अशी दोनदा पाहावी. दोन्ही प्रकाशांत जुळली तरच क्रमांक लिहावा आणि पुढे प्रश्नचिन्ह घालावे. असा दोरा मोजून करायच्या कामात तेव्हाच वापरावा, जेव्हा त्या छटेचे सगळे टाके त्याच लडीतून होणार असतील. ज्या जुळत नाहीत त्या "क्रमांक नाही" अशा पिशवीत टाकाव्यात. मुक्त भरतकामाला त्या उत्तम चालतात.

मूळ माहीत नसलेल्या लाल, काळ्या आणि गडद निळ्या दोऱ्यांचा रंग सुटतो का, हेही तपासून घ्यावे. दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून थोडा वेळ दाबून ठेवावा. फडक्यावर डाग उमटला तर तो दोरा धुतल्या जाणाऱ्या कामात घेऊ नये.

नेढे

पेनांबद्दलची तुमची शंका रास्त आहे. पाण्याने जाणारे निळे पेन मला सर्वांत भरवशाचे वाटते, परंतु त्याची एक अट आहे: रेघा थंड पाण्याने पूर्ण धुऊन गेल्याशिवाय त्यावर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने ती शाई कापडात पक्की बसते. हवेने उडणारे जांभळे पेन एक-दोन दिवसांत, दमट हवेत त्याहूनही लवकर फिके होते, त्यामुळे एका बैठकीत संपणाऱ्या लहान नक्षीपुरतेच ते घ्यावे. इस्त्रीने नाहीशी होणारी शाई साधारण ६० अंश सेल्सिअसला दिसेनाशी होते, पण ती कापडातून जात नाही. कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या बरेच खाली, ती पुन्हा उमटू शकते, आणि गडद कापडावर तिचा फिकट पांढरा माग राहतो. म्हणून जी रेघ टाक्याखाली पूर्ण झाकली जाणार आहे तिच्यासाठीच मी ती वापरते.

कोणतेही पेन घेतले तरी त्याच कापडाच्या कडेला आधी रेघ ओढून, धुऊन, वाळवून पाहावे. काम पूर्ण झाल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुण्यापूर्वी निळ्या रेघा साध्या थंड पाण्यात वेगळ्या काढून टाकाव्यात, मग कापड पिळू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे, आणि जाड टॉवेलावर भरतकामाची बाजू खाली ठेवून मागून इस्त्री करावी, म्हणजे गाठीचे आणि बुलियनचे टाके चपटे होत नाहीत.